अनोळखी माणसाचे ‘अहो’ : आदरार्थी संबोधन आणि ऐकणाऱ्याची प्रतिक्रिया

१. प्रश्नाचे स्वरूप

एस.टी.च्या स्थानकावर रांगेत उभ्या असलेल्या चाळिशीच्या एखाद्या गृहस्थास मागून एक तरुण विचारतो, ‘काका, ही गाडी साताऱ्याला जाते का?’ प्रश्न साधा आहे, स्वर नम्र आहे आणि तरुणाच्या मनात आदराखेरीज दुसरे काही नाही. गृहस्थही योग्य ते उत्तर देतात. परंतु ज्या दिवशी हे संबोधन प्रथम कानी पडते, तो दिवस पुष्कळांच्या स्मरणात राहतो. तरुणाने आदर दिला. गृहस्थांनी मात्र त्या आदरातून आपल्या पिकू लागलेल्या केसांची वार्ता ऐकली.

संबोधनांचा विचार आपल्याकडे बहुधा बोलणाऱ्याच्या बाजूने झालेला आहे. कोणी कोणास ‘तू’ म्हणावे, कोणास ‘तुम्ही’ म्हणावे, पत्राचा मायना कसा असावा, याचे नियम व्याकरणकारांनी आणि शिष्टाचाराच्या पुस्तकांनी सांगितले. ऐकणाऱ्याच्या बाजूने त्याच शब्दाचे काय होते, हा प्रश्न त्यामानाने दुर्लक्षित राहिला. आदर देण्याच्या हेतूने उच्चारलेला शब्द आदर म्हणूनच स्वीकारला जाईल, असे आपण गृहीत धरतो. हे गृहीत नेहमी खरे ठरत नाही; ते केव्हा आणि का खोटे ठरते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विवेचन मुख्यतः अनोळखी माणसांच्या व्यवहारापुरते मर्यादित ठेवले आहे. परिचितांमध्ये संबोधनाला पूर्वीच्या संबंधाचा आधार असतो. अनोळखी माणसांमध्ये तसा आधार नसल्यामुळे संबंध कोणत्या प्रकारचा आहे हे संबोधनालाच ठरवावे लागते.

२. मराठीतील साधने

मराठीत द्वितीय पुरुषाची तीन रूपे आहेत : ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’. पैकी ‘तुम्ही’ हे अनेकवचन असून एका व्यक्तीस आदरार्थी योजले जाते. ‘आपण’ हे याहून औपचारिक. पण याच शब्दाचा ‘तुम्ही आणि मी’ असा समावेशक अर्थही होतो. ‘आपण जाणार आहात’ आणि ‘आपण जाणार आहोत’ यांतील भेद केवळ क्रियापदाने कळतो. अधिकात अधिक अंतर दाखविणारा आणि अंतर पुसून टाकणारा शब्द एकच असावा, ही गोष्ट लक्षणीय आहे.

सर्वनामांच्या जोडीस संबोधनार्थी अव्यये आहेत. ‘अरे’ आणि ‘अगं’ यांत लिंगभेद आहे. ‘अहो’ मध्ये तो नाही. म्हणजे आदर दाखविताच समोरची व्यक्ती स्त्री की पुरुष ही सूचना अव्ययातून नाहीशी होते. याच ‘अहो’ला घरात दुसराही उपयोग होता. पतीचे नाव न घेणाऱ्या पत्नीने त्याला हाक मारण्यासाठी तोच शब्द वापरला. तो जणू नावाचाच पर्याय झाला. याखेरीज ‘राव’, ‘पंत’, ‘साहेब’, ‘शेठ’, ‘बाई’, ‘जी’ ही आदरवाचके, ‘मास्तर’, ‘डॉक्टर’ यांसारखी व्यवसायनामे आणि ‘काका’, ‘मामा’, ‘मावशी’, ‘ताई’, ‘दादा’, ‘आजी’ ही नातेवाचके अनोळखी माणसास उद्देशून सर्रास योजली जातात.

या व्यवस्थेची जाणीव सामान्य भाषिकालाही असते. त्याने तिला नावेच दिली आहेत. ‘अरेतुरे करणे’, ‘अहोजाहो करणे’, ‘एकेरीवर येणे’, ‘हमरीतुमरीवर येणे’ हे वाक्प्रचार पाहावेत. भांडण पेटले हे सांगण्यासाठी मराठी माणूस आवाज चढल्याचे सांगत नाही. ‘प्रकरण एकेरीवर आले’ एवढेच म्हणतो. व्याकरणातील वचन ही येथे सामाजिक घटना झालेली आहे.

मात्र एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘तू’ म्हणजे अनादर आणि ‘तुम्ही’ म्हणजे आदर, असे सरळ समीकरण मांडता येत नाही. असंख्य मराठी घरांत वडिलांना ‘तुम्ही’ आणि आईला ‘तू’ म्हटले जाते. देवालाही ‘तू’च म्हटले जाते. येथे ‘तू’ जवळिकीची खूण आहे. या दुहेरी अर्थातूनच पुढील सर्व गुंतागुंत निर्माण होते.

३. सत्ता, जवळीक आणि आब

या गुंतागुंतीची सुव्यवस्थित मांडणी रॉजर ब्राउन आणि आल्बर्ट गिल्मन यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात केली. युरोपीय भाषांतील सर्वनामांचा इतिहास पाहून त्यांनी दोन अक्ष कल्पिले : एक सत्तेचा, दुसरा ऐक्यभावाचा. सत्तेच्या अक्षावर संबोधन विषम असते. वरचा खालच्यास एकेरी बोलतो आणि खालचा वरच्यास आदरार्थी. ऐक्यभावाच्या अक्षावर ते परस्पर असते. जवळचे दोघेही एकेरी बोलतात, दूरचे दोघेही आदरार्थी. आधुनिक काळात पहिला अक्ष मागे पडून दुसरा पुढे येत गेला, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. आदरार्थी रूप एकाच वेळी दोन विधाने करते : ‘तुम्ही मोठे आहात’ आणि ‘तुम्ही दूरचे आहात’. बोलणाऱ्याने पहिले विधान मनात धरले असले तरी ऐकणारा दुसरे ऐकू शकतो. नातेवाचक संबोधनात तिसरे विधान मिसळते : ‘तुम्ही माझ्याहून वयाने एवढे मोठे आहात’. ‘काका’ या शब्दात आदरही आहे, आपुलकीही आहे आणि वयाचा अंदाजही आहे. रांगेतील गृहस्थांनी यांपैकी नेमका तिसरा अर्थ उचलला.

अर्व्हिंग गॉफमन यांनी १९५५ साली मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. माणूस चारचौघांत स्वतःची एक प्रतिमा घेऊन वावरतो आणि ती सांभाळण्यास इतरांचे सहकार्य अपेक्षितो. आपल्याकडे यास ‘आब राखणे’ म्हणतात. पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी १९७८ साली हाच विचार पुढे नेला. त्यांच्या सामग्रीत इंग्रजी आणि मेक्सिकोतील त्सेल्ताल यांच्याबरोबर तमिळ भाषाही होती. त्यांच्या मते आबेचे दोन प्रकार आहेत. आपल्या मोकळीकीवर कोणी अतिक्रमण करू नये ही एक अपेक्षा. आपल्याला आपले मानावे, पसंत करावे ही दुसरी. ‘आपण जरा बाजूस व्हाल का?’ हे पहिली अपेक्षा सांभाळते, ‘दादा, जरा सरका ना’ हे दुसरी. दोन्ही वाक्ये सभ्य आहेत. पण ज्याला मोकळीक हवी आहे त्याला दुसरे सलगीचे वाटेल, आणि ज्याला आपलेपणा हवा आहे त्याला पहिले थंड वाटेल.

४. प्रतिक्रियांचे प्रकार

अनोळखी माणसाच्या आदरार्थी संबोधनाला मिळणाऱ्या प्रतिक्रियांची ढोबळ विभागणी पुढीलप्रमाणे करता येईल.

पहिली प्रतिक्रिया म्हणजे प्रतिक्रियेचा अभाव. अपेक्षित संबोधन मिळाले म्हणजे ते कानांना जाणवतच नाही. बँकेतील कारकुनाने ‘तुम्ही येथे सही करा’ म्हटले तर ‘तुम्ही’ कोणी ऐकत नाही. ‘तू’ म्हटले असते तर तेवढेच ऐकले असते. आदराची उपस्थिती अदृश्य असते आणि अनुपस्थिती ठळक असते. यास्तव केवळ घडलेल्या कुरबुरींवरून संबोधनाचा अभ्यास करणे धोक्याचे आहे.

दुसरी प्रतिक्रिया वर्गीकरणाविरुद्ध असते. येथे आदर नको असतो असे नाही; आदर देण्यासाठी ज्या खणात टाकले जाते तो खण नको असतो. ‘काका’, ‘काकू’, ‘आजी’ यांविषयीची नाराजी या जातीची आहे. पत्रव्यवहारात याचे अधिक तीव्र रूप दिसते. मराठीत विवाहित स्त्रीच्या नावामागे ‘सौ.’ आणि विधवेच्या नावामागे ‘गं. भा.’, म्हणजे गंगाभागीरथी, लिहिण्याची रूढी होती. दोन्ही शब्द अर्थाने गौरवाचे; परंतु दुसरा शब्द पाकिटावर वाचणाऱ्या प्रत्येकास त्या स्त्रीच्या वैधव्याची सूचना देई. एप्रिल २०२३ मध्ये ‘विधवा’ या शब्दाऐवजी ‘गंगाभागीरथी’ हा शब्द शासकीय व्यवहारात योजावा असा प्रस्ताव महाराष्ट्रात पुढे आला, तेव्हा त्यास तीव्र विरोध झाला. शब्द गौरवाचा आहे हे समर्थकांचे म्हणणे कोशाच्या दृष्टीने खरे होते. पण आक्षेप शब्दाच्या अर्थावर नव्हता, विभागणीवर होता. ‘श्रीमती’ या शब्दाचा प्रवासही बोधक आहे. मराठीत तो पुष्कळ काळ विधवेसाठी योजला गेल्यामुळे सधवा स्त्रीस तो अशुभ वाटे; कार्यालयीन लेखनाने तो सर्व स्त्रियांसाठी वापरण्यास आरंभ केल्यावर त्याची ती धार बोथट होत गेली. फ्रान्समध्ये अविवाहितेचे ‘मादम्वाझेल’ हे संबोधन शासकीय अर्जांतून २०१२ साली काढून टाकण्यात आले, त्यामागील तक्रारही हीच होती : पुरुषास त्याच्या विवाहाविषयी न विचारता आदर मिळतो, स्त्रीस मात्र विचारून मिळतो.

तिसरी प्रतिक्रिया संशयाची असते. दुकानाच्या दारातून ‘या साहेब, या शेठ’ अशी हाक येते तेव्हा गिऱ्हाईक आपला हात खिशाकडे नेते. आदराचे मोल व्यवहारातील हेतूने ठरते आणि गरजेपेक्षा अधिक आदर मिळाला की ऐकणारा हेतू शोधू लागतो. शिवाय वापराने आदरवाचके झिजतात. ‘राव’ हे एके काळचे राजवाचक पद. आज ‘काय राव, किती उशीर केलास!’ या वाक्यात ते एकेरी क्रियापदाशेजारी सुखाने नांदते. ‘दादा’ आणि ‘भाई’ या शब्दांना तर आदराबरोबर दहशतीचाही वास लागला. ‘दादागिरी’ हा शब्द त्याची साक्ष आहे.

चौथी प्रतिक्रिया परकेपणाची. कालपर्यंत ‘तू’ म्हणणारा मित्र भांडणानंतर ‘तुम्ही’ म्हणू लागतो तेव्हा तो आदर नसून दंड असतो. अनोळखी माणसांतही हे घडते : समवयस्क विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात एखाद्यालाच ‘तुम्ही’ म्हटले गेले तर आपण यांच्यातले नाही हे त्याला तत्काळ कळते.

पाचवी प्रतिक्रिया या सर्वांहून निराळी आहे. ती ओळखीची, म्हणजे माणूस म्हणून मान्यता मिळाल्याची. तिचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल. तत्पूर्वी एक परदेशीय उदाहरण पाहू.

५. स्वीडनमधील ‘नी’

स्वीडिश भाषेत एकेरी ‘दू’ आणि अनेकवचनी ‘नी’ अशी दोन रूपे आहेत. फ्रेंच किंवा जर्मन भाषेप्रमाणे येथेही अनेकवचन आदराचे ठरावयास हवे होते. तसे झाले नाही. वरच्या वर्गातील व्यक्तीस सर्वनामाने संबोधणेच उद्धटपणाचे मानले जाई. तिला तिच्या पदवीने, तृतीय पुरुषात संबोधावे लागे. समोरच्या डॉक्टरांनाच ‘डॉक्टरांना कॉफी हवी आहे का?’ असे विचारावे, असा तो प्रकार होता. त्यामुळे ज्यांना पदवी नाही त्यांच्यासाठीच ‘नी’ उरले आणि त्या रूपास खालच्या दिशेने बोलण्याचा रंग चढला. पदवी ठाऊक नसलेल्या अनोळखी माणसाशी बोलताना लोक सर्वनामच टाळू लागले आणि वाक्ये वाकडीतिकडी वळवू लागले.

१९६७ साली ब्रूर रेक्सेड हे तेथील वैद्यकीय प्रशासनाचे प्रमुख झाले, तेव्हा आपण सर्व कर्मचाऱ्यांना ‘दू’ म्हणणार असे त्यांनी जाहीर केले. हा बदल आधीच सुरू झालेला होता. परंतु त्यांच्या नावाशी तो कायमचा जोडला गेला. थोड्याच वर्षांत ‘दू’ सार्वत्रिक झाले. पुढे १९८०च्या दशकापासून काही तरुण विक्रेते वयस्क गिऱ्हाइकांना सभ्यपणा म्हणून ‘नी’ म्हणू लागले. त्यांना ते सौजन्य वाटे. पण जुनी व्यवस्था आठवणाऱ्या पुष्कळ वृद्धांना तो अपमान वाटला. बोलणाऱ्याचा हेतू शुद्ध होता. ऐकणाऱ्याचे कान मात्र त्याच्या पूर्वायुष्यात घडलेले होते. संबोधनाचा अर्थ व्याकरणात नव्हे तर स्मृतीत साठविलेला असतो, हे या उदाहरणावरून दिसते.

६. नाकारलेला आदर

आता पाचव्या प्रतिक्रियेकडे वळू. आदरार्थी रूप काही लोकांना न मागता मिळते. काहींना ते पिढ्यान्‌पिढ्या नाकारले गेले. महाराष्ट्रातील जुन्या गावगाड्यात महार समाजातील माणसाने ‘जोहार, मायबाप’ म्हणून वाकावे आणि वयाने कितीही मोठा असला तरी सवर्णाच्या मुलानेही त्यास ‘अरे’ म्हणावे, अशी रीत होती. त्याच्या नावास ‘-या’ हा हेटाळणीचा प्रत्यय लावून ते नावच एकेरी करून टाकले जाई. ब्राउन आणि गिल्मन यांचा सत्तेचा अक्ष याहून स्पष्ट रूपात क्वचितच आढळेल.

या पार्श्वभूमीवर ‘जय भीम’ या अभिवादनाचा विचार करावा. ते रूढ करण्याचे श्रेय कामठीचे बाबू हरदास यांना दिले जाते. भाषिक दृष्ट्या त्याचा विशेष असा की त्याचे उत्तर तेच शब्द उच्चारून दिले जाते. ‘जोहार’ला ‘जोहार’ हे उत्तर अपेक्षित नव्हते. ‘जय भीम’ला ‘जय भीम’ हेच उत्तर आहे. विषम संबोधनाच्या जागी परस्पर संबोधन आणणे ही केवळ शिष्टाचारातील सुधारणा नव्हती.

अमेरिकेतील एक खटला याच मुद्द्यावर लढला गेला. अलाबामा राज्यातील न्यायालयांत गोऱ्या साक्षीदारांना आडनावाने आणि कृष्णवर्णीय साक्षीदारांना केवळ पहिल्या नावाने संबोधण्याची प्रथा होती. जून १९६३ मध्ये नागरी हक्कांच्या चळवळीतील कार्यकर्त्या मेरी हॅमिल्टन यांना सरकारी वकिलाने ‘मेरी’ म्हणून प्रश्न विचारला. ‘मिस हॅमिल्टन’ असे संबोधल्याखेरीज उत्तर देणार नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली. न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्यांना ५ दिवसांची कैद आणि ५० डॉलर दंड झाला. १९६४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा रद्द केली. आल्विन पूसाँ या कृष्णवर्णीय मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ साली मिसिसिपीतील आपला अनुभव लिहिला. पोलिसाने त्यांना ‘पोरा’ म्हणून नाव विचारले. त्यांनी ‘डॉक्टर पूसाँ’ असे सांगताच पोलिसाने पुन्हा ‘पोरा’ म्हणूनच पहिले नाव विचारले आणि अखेर ते त्यांना सांगावे लागले. पुढे सूझन अर्व्हिन-ट्रिप यांनी १९७२ साली संबोधनाच्या नियमांचे विवेचन करताना हाच प्रसंग उदाहरणादाखल घेतला. पोलिसाला नियम ठाऊक नव्हते असे नाही. उलट, ते पक्के ठाऊक असल्यामुळेच तो अपमान करू शकला.

ज्याला हा अनुभव आहे त्याला अनोळखी माणसाचे साधे ‘अहो’ वेगळे ऐकू येते. जे एकाला अदृश्य असते ते दुसऱ्याला ठळक असते. ‘संबोधनात काय आहे, मनात आदर असला म्हणजे झाले’ असे म्हणणारा बहुधा असा असतो की ज्याला ते कधीच नाकारले गेलेले नाही.

येथेच आजच्या एका प्रथेचाही निर्देश केला पाहिजे. रुग्णालयातील आया, कार्यालयातील झाडणारी स्त्री यांना आपण ‘मावशी’ म्हणतो. शिपायाला ‘मामा’ म्हणतो. ‘ए बाई’ म्हणण्यापेक्षा हे निश्चित सभ्य आहे. परंतु या नातेवाचकाचा परिणाम असाही होतो की दहा वर्षे शेजारी वावरणाऱ्या व्यक्तीचे नाव विचारण्याची गरजच उरत नाही. जे नाते वरच्या अधिकाऱ्याशी कधी जोडले जात नाही आणि खालच्या कर्मचाऱ्याशी मात्र नेमाने जोडले जाते, ते नाते म्हणजे पदाचेच दुसरे नाव होय. ‘बाई’ हा शब्द राजघराण्यातील स्त्रीच्या नावापुढे आणि शिक्षिकेसाठी गौरवाने योजला जात असता घरकाम करणारीचे सामान्यनाम कसा झाला, याचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

७. निरीक्षणाविषयी काही सूचना

या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी तीन सूचना कराव्याशा वाटतात.

पहिली अशी की, सर्वनाम, क्रियापद, अव्यय आणि नातेवाचक यांची नोंद वेगवेगळी घ्यावी. ‘मावशी, तू उद्या ये’ आणि ‘मावशी, तुम्ही उद्या या’ ही वाक्ये ‘नातेवाचकाचा उपयोग’ या एकाच सदरात टाकली तर मुख्य गोष्टच हातची निसटते.

दुसरी अशी की, टाळाटाळीकडे विशेष लक्ष द्यावे. रिक्षावाला ‘कुठं जायचंय?’ म्हणतो, दुकानदार ‘काय द्यायचं?’ म्हणतो, कारकून ‘नाव काय?’ विचारतो. या वाक्यांत द्वितीय पुरुष कोठेच नाही. ती बालकास आणि वृद्धास सारखीच विचारता येतात. स्वीडिश माणसाने जे कष्टाने साधले ते मराठीला ‘-यचे’ या रूपाने सहज साधते. समोरच्याचे स्थान निश्चित नसते तेव्हा भाषिक या आडोशाला जातो. तो आडोसा केव्हा सोडतो आणि कोणत्या रूपाने बाहेर येतो, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

तिसरी सूचना प्रतिक्रियेविषयी. ‘तुम्हाला कोणी काका म्हटले तर कसे वाटते?’ असे विचारले असता मिळणारे उत्तर आणि प्रत्यक्ष प्रसंगी दिसणारे वर्तन यांत अंतर असते. विचारल्यावर मनुष्य उदार होतो. प्रत्यक्षात त्याने उत्तरात कोणते रूप वापरले, ‘काका’ला ‘बाळ’ म्हणून परतफेड केली की ‘साहेब’ म्हणून, उत्तर आखडते घेतले की वाढविले, हा अधिक भरवशाचा पुरावा होय.

८. समारोप

आदरार्थी संबोधन म्हणजे देऊन मोकळे व्हावयाची वस्तू नव्हे. तो दोन व्यक्तींमधील संबंधाविषयीचा प्रस्ताव असतो. बोलणारा तो मांडतो, आणि स्वीकारणे, दुरुस्त करणे किंवा नाकारणे ऐकणाऱ्याच्या हाती असते. हा निर्णय ऐकणारा केवळ शब्दावरून करीत नाही. त्या शब्दाने आपल्याला कोणत्या खणात ठेवले, बोलणाऱ्याचा हेतू काय असावा आणि तोच शब्द यापूर्वी आपल्याला मिळाला होता की नाकारला गेला होता, या तीन गोष्टी तो क्षणार्धात पाहतो. म्हणून एकाच ‘अहो’ने एक जण सुखावतो, दुसरा दुखावतो आणि तिसऱ्याला ते ऐकूही येत नाही.

रांगेतील गृहस्थांची नाराजी क्षम्य आहे आणि अल्पजीवीही. काही महिन्यांत ते ‘काका’ या शब्दाला सरावतात आणि पुढे स्वतःच ‘अरे बाळ’ म्हणू लागतात. मेरी हॅमिल्टन यांची नाराजी तशी नव्हती. या दोहोंना ‘मानापमानाच्या गोष्टी’ या एकाच नावाखाली ढकलू नये, एवढी काळजी जरी अभ्यासकाने घेतली तरी या विषयाला त्याने न्याय दिला असे म्हणता येईल.